घड्याळात पाणी शिरले तर

जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की आमच्या टेबलासमोर मनगटे पुढे येऊ लागतात. कचेरीतले सहकारी, वस्तीतली मुले, लोकलच्या डब्यातले रोजचे सोबती, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "भाऊ, काचेला आतून वाफ धरली आहे, काय करू?" आम्ही घड्याळाचे कारागीर नव्हे, कारकून माणूस. पण आमच्या कचेरीच्या खाली, जिन्याच्या बाजूला, एक वयस्कर घड्याळवाले बसतात आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या काचेच्या पेटीला टेकून उभे राहण्याची आम्हाला कित्येक वर्षांची सवय आहे. तिथे जे पाहिले, ऐकले आणि पुढे वाचून ताडून घेतले, ते या वेळी वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

मोबाईल आल्यावर घड्याळ कोण घालतो, असे काही जण म्हणतील. ज्यांचे हात दिवसभर टेबलावर असतात त्यांनी तसे म्हणावे. ज्याच्या हातात झाडू आहे, पाना आहे, स्टिअरिंग आहे, त्याला वेळ बघण्यासाठी दर वेळी खिशातून मोबाईल काढणे परवडत नाही, आणि कारखान्यात कित्येक ठिकाणी तो गेटवरच जमा करून घेतात. वॉर्डातील नर्सताई रुग्णाची नाडी सेकंदाच्या काट्यावर मोजतात. दहावी-बारावीच्या परीक्षेला मोबाईल चालत नाही, साधे घड्याळ चालते. (काही प्रवेशपरीक्षांत आता घड्याळालाही बंदी आहे, हॉल तिकीट वाचून जावे.) आणि आपल्या घरांत घड्याळाची किंमत वेगळीच असते. अनेक कचेऱ्यांत तीन लेट मार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाते. रोजंदारीवर तर सरळ अर्धा दिवस जातो. पहिल्या पगारात किंवा पहिल्या बोनसमध्ये आपल्या वडीलधाऱ्यांनी जे घड्याळ घेतले, ते काही शोभेसाठी घेतले नव्हते.

त्या पिढीच्या मनगटावर बहुतेक एचएमटी असे. सरकारी मालकीच्या या कंपनीने 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूर येथे घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि परदेशी घड्याळ ज्याला स्वप्नातही परवडत नव्हते त्या माणसाच्या हातावर घड्याळ आले. एका मॉडेलचे नावच 'जनता' होते. पुढे टायटनने 1987 पासून सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली आणि चावी देण्याचे काम हळूहळू मागे पडले. 2016 साली केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पण पेट्यांमधून, कपाटांमधून ती घड्याळे अजून आहेत. त्यांतली पुष्कळशी बंद आहेत, आणि का बंद पडली असे विचारले तर दहा घरांत एकच वाक्य ऐकू येते : "पाणी गेलं होतं त्यात."

पाणी जाते कुठून हे आधी पाहू. मनगटी घड्याळ म्हणजे एक बंद डबी. तिला तीन फटी असतात. काच जिथे बसवली आहे तिथे एक, मागच्या झाकणाभोवती एक, आणि चावी जिथून आत जाते ते तिसरे भोक. बटणे असतील तर प्रत्येक बटणामागे आणखी एक. या फटींवर पहारा असतो तो रबराच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या बारीक रिंगांचा. नवीन असताना ही रिंग मऊ असते, दाबली की फट भरून काढते. मग घाम, साबण, ऊन आणि वर्षे यांनी ती कडक होते, चपटी होते, तडकते. प्रेशर कुकरची रिंग जुनी झाली की शिटी होत नाही आणि बाजूने वाफ जाते, हे प्रत्येक भगिनीला ठाऊक आहे. घड्याळाचेही तसेच. फरक इतकाच की कुकर लगेच तक्रार करतो, घड्याळ करीत नाही.

आता मागच्या झाकणावर किंवा डायलवर लिहिलेल्या अक्षरांविषयी. 'वॉटर रेझिस्टंट 30 मीटर' असे वाचून आमच्या ओळखीच्या एका तरुणाने गावच्या विहिरीत सूर मारला. विहीर काही 30 मीटर खोल नव्हती, म्हणून तो निर्धास्त! हा आकडा खोलीचा परवाना नाही. पाण्यात दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, त्या हिशेबाने 30 मीटर म्हणजे 3 वातावरणे. झाकणावर '3 एटीएम' किंवा '3 बार' लिहिलेले असते ते हेच. आणि हा दाब कोऱ्या घड्याळाला, कारखान्यात, न हलवता दिलेला असतो. सूर मारताना, हात मारताना, नळाच्या जोराच्या धारेखाली काय होते ते त्यात धरलेले नाही. तेव्हा व्यवहारात असे समजावे : 30 मीटर लिहिले असेल तर हात धुताना उडालेले पाणी आणि पावसाचे शिंतोडे चालतील. 50 मीटर असेल तर भर पावसात अडकलात किंवा क्वचित थोडे पोहलात तरी बहुधा निभावेल. रोज पोहणाऱ्याने 100 मीटरच्या आतले घड्याळ पाण्यात नेऊ नये. काहीच लिहिलेले नसेल तर त्याला पाण्यापासून लांबच ठेवावे. 'वॉटरप्रूफ' हा शब्द दुकानदाराच्या तोंडी असतो. जबाबदार कंपन्या तो घड्याळावर घालत नाहीत, कारण पाणी कधीच जाणार नाही अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. आणि हे सगळे नव्या रिंगेचे बोलणे झाले. दहा वर्षांच्या घड्याळावर जे छापले आहे ते त्याच्या जन्माच्या वेळचे वजन समजावे.

गरम पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. उन्हातून आलेला माणूस घड्याळासकट हात थंड पाण्याच्या बादलीत घालतो. डबीतली तापलेली हवा एकदम आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढू पाहते. रिंग जुनी असेल तर तेवढे पुरते. आंघोळीच्या कढत पाण्याची वाफ आणि साबण हे तर रिंगेचे रोजचे शत्रू. पावसात एकदा भिजून जेवढी घड्याळे बिघडतात, त्याहून अधिक रोजच्या आंघोळीने बिघडतात, असे आमच्या घड्याळवाल्यांचे मत आहे. त्यांच्या पेटीत येणारी घड्याळे पाहून आम्हालाही ते पटते.

आता मुख्य मुद्दा. काचेला आतून वाफ धरते तेव्हा लोक काय करतात? कोणी घड्याळ उन्हात ठेवतो. कोणी बल्बला टेकवतो. कोणी गॅसच्या शेगडीजवळ खिळ्याला अडकवतो. कोणी उलटे करून मनगटावर बांधतो, म्हणजे अंगाच्या उबेने काच साफ होईल. आणि काच साफ होते! अर्ध्या तासात धुके जाते, काटे फिरत असतात, माणूस खूश होतो. इथेच फसगत आहे. धुके गेले, पाणी गेले नाही. डबी बंद आहे, पाणी जाईल कुठे? काच थंड होती म्हणून वाफ तिच्यावर दिसत होती. काच तापली की तीच वाफ तिथून उठून आतल्या थंड भागावर, म्हणजे मशीनवर, जाऊन बसते. जे पाणी डोळ्यांना दिसत होते ते आता दिसत नाही, एवढाच बदल झाला. संध्याकाळी गारवा आला की पुन्हा काचेवर येईल, सकाळी पुन्हा जाईल.

पाणी शिरले की नाही हे तपासायची रीतही यावरच आधारलेली आहे. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 22810 क्रमांकाच्या मानकात ती दिली आहे. घड्याळ 40 ते 45 अंशांपर्यंत तापवायचे, काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटाभराने पुसायचा. आतून वाफ धरली तर घड्याळ नापास. हे काम हत्यारे आणि तापमापक असलेल्या माणसाचे आहे. कोणी घरी तव्यावर करून पाहू नये. उन्हाने तापलेल्या मनगटावर पावसाचे चार थेंब पडले आणि काचेखाली ढग आला, तर तीच परीक्षा झाली असे समजावे आणि निकालही कळला.

आत राहिलेले पाणी काय करते? चावीच्या घड्याळात पितळी चाके असतात, ती लवकर मरत नाहीत. '17 ज्वेल्स' लिहिलेले असते, ते म्हणजे कारखान्यात बनवलेल्या कृत्रिम माणकाचे बारीक खडे. चाकांच्या टोकांना झीज होऊ नये म्हणून ते बसवतात. त्यांना पाण्याने काहीच होत नाही. (ते काढून विकले तर पैसे येतील असे समजून मशीन फोडणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. काही येत नाही.) मरते ते पोलाद. चावीची दांडी, तिच्याजवळचे छोटे पोलादी दाते, स्क्रू, चाकांच्या सुईसारख्या टोकांच्या दांड्या. अनेक जुनी चावीची घड्याळे सेकंदाला पाच ठोके देतात. हे ठोके एका केसासारख्या बारीक कमानीच्या हेलकाव्यावर चालतात. तिच्या दोन वेढ्यांत पाण्याचा कण अडकला तर वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते. तिच्यावर गंज चढला तर संपलेच. शिवाय आतले थेंबभर तेल पाण्याबरोबर विटते, आणि डायलवर तपकिरी डाग उमटतात.

सेलच्या घड्याळात दुसरी तऱ्हा. तिथे क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, सर्किट ते मोजते आणि एका वेटोळ्याला दर सेकंदाला विजेचा टोला देते. ते वेटोळे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे असते. पाणी आणि सेलची वीज एकत्र आली की तांबे खाल्ले जाते. म्हणून सेलच्या घड्याळात पाणी गेले तर आधी सेल बाहेर काढणे महत्त्वाचे. घड्याळ बंद पडले आहे म्हणून सेल तसाच ठेवला तर तो पुढे पाझरतो आणि उरलेले सर्किटही घेऊन जातो.

पाण्यातही प्रकार आहेत. पावसाचे पाणी त्यातल्या त्यात सोसणारे. गटाराचे, पुराचे पाणी घाण आणि गाळ घेऊन येते. समुद्राचे पाणी सगळ्यांत वाईट, मिठामुळे गंज फार वेगाने चढतो. घाम हाही खारेच पाणी. समुद्रात भिजलेल्या घड्याळाची काच धड असेल आणि चावी आत दाबलेली असेल तर ते बाहेरून लगेच साध्या पाण्याने धुऊन पुसावे. पण आत पाणी गेल्याची शंका असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

26 जुलै 2005 ची गोष्ट मुंबईकर विसरलेले नाहीत. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो माणसे छातीभर पाण्यातून चालत घरी आली. आमच्या वस्तीतील एक गृहस्थ तेव्हा पालिकेच्या गटार खात्यात कामाला होते. त्या रात्री कामावर असलेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचले. मनगटावर एचएमटी होते, कामाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा खात्यातल्या सोबत्यांनी वर्गणी काढून दिलेले, मागे नाव कोरलेले. घरात पाणी शिरलेले, धान्य भिजलेले, अशा वेळी घड्याळाकडे कोण बघणार? वहिनींनी ते चुलीजवळ खिळ्याला लावले. काच साफ झाली. घड्याळ चालूही होते. आठ-दहा दिवसांनी थांबले, तेव्हा पेटीत गेले. पुढे ते गृहस्थही गेले.

त्यांच्या मुलाला काही वर्षांनी एका दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्या दिवशी वडिलांचे घड्याळ बांधून जायचे त्याच्या मनात होते. तो आमच्याकडे घेऊन आला आणि आम्ही त्याला खाली पेटीवर घेऊन गेलो. घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्याला लावून झाकण उघडले, तशी आतून विटकरी भुकटी कागदावर सांडली. चावी ओढली तर दांडीच तुटून हातात आली. ते म्हणाले, "पोरा, यात आज पाण्याचा एक थेंबही नाही. होतं त्याने आपलं काम केलं आणि गेलं. त्याच आठवड्यात कोणी उघडलं असतं तर नुसतं धुऊन ऑइलिंग करून भागलं असतं."

मुलाने विचारले, दुरुस्त होईलच का? त्यांनी सांगितले की त्याच मॉडेलच्या दुसऱ्या जुन्या घड्याळाचे मशीन मिळवून यात बसवता येईल. नवे सुटे भाग आता कंपनीतून येत नाहीत, म्हणून कारागीर दोन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करतात. "मग ते बाबांचंच राहील का?" असे मुलगा म्हणाला. म्हातारबुवांनी भिंग काढले. "डबी, डायल, काटे आणि मागचं नाव तुझ्या वडिलांचं. मशीन दुसऱ्या कोणाच्या तरी वडिलांचं." मुलगा थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि "बसवा" म्हणाला. महिन्याभराने घड्याळ मिळाले. डायलवरचा डाग तसाच आहे, तो काढू नका असे वहिनींनीच सांगितले होते. नोकरीच्या पहिल्या दिवशी मात्र त्याला साधे सेलचे घड्याळ बांधून जावे लागले.

याच्या उलट एक उदाहरण. चाळीतील एका मुलीचे घड्याळ बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी धुण्याच्या बादलीत पडले. ती रडू लागली. तिची आजी शहाणी, तिने नातीला रडू दिले आणि घड्याळ रुमालात गुंडाळून तासाभरात आमच्या म्हाताऱ्यांकडे पाठवून दिले. सेल काढला, मशीन बाहेर काढून सुकवले, डबी पुसली, नवी रिंग, नवा सेल. चहा-नाश्त्याच्या पैशांत काम झाले आणि दुसऱ्या दिवशी पेपरला घड्याळ हातात होते. दोन्ही घड्याळांत पाणीच गेले होते. फरक पडला तो तास आणि वर्षे यांचा.

तेव्हा पाणी गेले असे वाटले की काय करावे ते सांगतो. घड्याळ हातातून काढा. सुक्या सुती फडक्याने पुसा. चावी बाहेर राहिली आहे का पाहा, राहिली असेल तर भोवतालचे पाणी टिपून मग आत दाबा. त्यानंतर चावीला हात लावू नका. वेळ लावू नका, चावी भरू नका, बटणे दाबून पाहू नका. 'चालते का बघू' हा मोह फार वाईट, कारण प्रत्येक फिरण्याबरोबर ओला गाळ आणखी आत जातो. चामड्याचा पट्टा असेल तर सोडवून सावलीत सुकवा. ऊन, बल्ब, शेगडी, इस्त्री, केस सुकवायचे यंत्र यांच्याजवळ नेऊ नका. उष्णतेने रिंग ताठरते, तेल पसरते, आकडे दाखवणाऱ्या घड्याळाचा पडदा काळा पडतो. आणि त्याच दिवशी ज्याला झाकण उघडता येते त्याच्याकडे जा. घरी सुरीच्या टोकाने झाकण उचकटू नका. सुरी सटकली तर ती तांब्याच्या तारेवरच जाते.

तांदळाच्या डब्याचे काय, असे हमखास विचारतात. मोबाईल भिजला की तांदळात, घड्याळ भिजले की तांदळात! तांदूळ ओल शोषतो हे खरे, पण फार सावकाश आणि थोडीशी, आणि बंद डबीच्या आतली ओल तर त्याला दिसतही नाही. वर त्याची पिठी फटीत जाते. तांदूळ भातासाठी ठेवावेत. रविवार आहे, गाव लांब आहे, कारागीर दुसऱ्या दिवशीच भेटणार आहे, अशी अडचण असेल तर बुटांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत सिलिका जेलच्या छोट्या पुड्या येतात, त्या चार-सहा गोळा करून घट्ट झाकणाच्या डब्यात घड्याळाबरोबर ठेवाव्यात. त्या पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. हा तात्पुरता उपाय झाला. डबी उघडल्याशिवाय आतले पाणी पुरते निघत नाही, हे दहा वेळा सांगितले तरी कमीच.

कारागिराकडे गेल्यावर आपल्या लोकांना बोलायचा संकोच वाटतो असा आमचा अनुभव आहे. साहेब काय करायचे ते करा, म्हणून घड्याळ टाकून येतात. तसे करू नये. झाकण आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि आत पाहावे. गंज दिसतो की नुसते पाणी, हे साध्या डोळ्यांनाही कळते. खर्च आधी विचारावा. रिंग नवी टाकणार का, हे मुद्दाम विचारावे, कारण धुऊन सुकवून जुनीच तडकलेली रिंग परत बसवली तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. सेल बदलताना रस्त्यावर दोन मिनिटांत झाकण उघडतात आणि अंगठ्याने दाबून बंद करतात, तेव्हा ही रिंग कित्येकदा वाकडी बसते किंवा खाली पडते. अनेक घड्याळांत पाणी शिरण्याची सुरुवात या दोन मिनिटांत होते. जुने भाग बदलले तर ते परत मागावेत. चिठ्ठीवर मॉडेलचे नाव आणि झाकणावरचा नंबर लिहून घ्यावा. बहुतेक कारागीर सचोटीचे असतात, पण जुन्या एचएमटीला आता शौकीन गिऱ्हाईक आहे, आणि चांगले मशीन काढून हलके बसवणारेही बाजारात आहेत. याच कारणाने दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला बंद घड्याळ किलोच्या भावात घालू नये.

दुरुस्ती करावी की नाही, याचा हिशेब आम्ही असा मांडतो. साध्या सेलच्या घड्याळाचे मशीन गेले असेल तर ते पूर्ण बदलणे बहुधा स्वस्त पडते. मशीन तयार मिळते, डबी-डायल तेच राहतात. बदलायचा खर्च नव्या घड्याळाच्या निम्म्याहून अधिक होत असेल आणि घड्याळात भावना गुंतलेली नसेल, तर नवे घ्यावे आणि त्यात वाईट वाटून घेऊ नये. चावीच्या जुन्या घड्याळाला हा हिशेब लावू नये. तिथे घरातल्या माणसांनी एकत्र बसून ठरवावे.

घड्याळ नवे असेल, वॉरंटीत असेल, तर बाहेर कुठेही उघडू नका. कंपनीच्या केंद्रातच न्या, नाहीतर वॉरंटी जाते. पुष्कळ वॉरंटी कार्डांवर पाण्याने झालेले नुकसान धरले जाणार नाही असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते घेतानाच वाचावे. पण झाकणावर 50 मीटर लिहिले आहे आणि घड्याळ पहिल्याच पावसात धुके धरते, तर ऐकून घेऊन परत यायचे कारण नाही. पावती हातात हवी. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. फुटपाथवरून पावतीशिवाय घेतलेल्या घड्याळासाठी यातले काहीच उपयोगी पडत नाही, म्हणून चार पैसे जास्त गेले तरी पावती घ्यावी.

मुलांच्या हातावर हल्ली स्मार्ट वॉच असते. त्याला '5 एटीएम' लिहिलेले असले तरी ओले असताना चार्जिंगला लावू नये, मागचे धातूचे ठिपके पुसून कोरडे करावेत, आणि पाण्यात बटण दाबू नये. आत पाणी गेले तर ते बहुतेक वेळा दुरुस्त होत नाही, चिकटवलेले असते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

उरली रोजची काळजी. आंघोळीला जाताना घड्याळ बाहेर, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावावा. पावसाळ्यात खिशात प्लॅस्टिकची छोटी पिशवी ठेवावी, सर जोरात आली की घड्याळ काढून तिच्यात. वेळ लावून झाल्यावर चावी पूर्ण आत दाबली की नाही हे बोटाने तपासावे. काही घड्याळांची चावी फिरवून घट्ट करायची असते, ती तशी करावी. रात्री घड्याळ काढल्यावर मागची बाजू पुसावी, कारण घामाचा थर झाकणाच्या कडेला साचतो आणि पट्ट्याची पिन गंजते. पिन तुटून घड्याळ लोकलच्या रुळांत पडलेले आम्ही पाहिले आहे, ते पाण्याने मेले असेच म्हटले पाहिजे. दोन-तीन वर्षांनी, सेल बदलायची वेळ आली की, रिंगही बदलून घ्यावी. मे महिन्यात घेतली तर कारागिरालाही सवड असते.

धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनी घड्याळ कोपरापर्यंत वर सरकवून काम करतात. साबणाचे पाणी तिथपर्यंत ओघळतेच. मोरीच्या बाहेर, हात पोहोचेल इतक्या उंचीवर एक खिळा ठोकावा आणि घड्याळ त्यावर अडकवावे. वेळ दुरूनही दिसते.